पांढरीची माती : जुन्या घरांच्या डागडुजीचा इतिहास

पवना नदी मावळ ओलांडून चिंचवडकडे जाते, त्या वाटेवर तिच्या कांठीं रावेत हें गांव आहे. १९९७ सालीं आजूबाजूच्या इतर गांवांबरोबर तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. या औद्योगिक नगरीला लागणारें पाणी रावेत येथेंच नदींतून उचललें जातें. एके काळच्या शेतांवर आतां उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि मूळ गांवठाण कोठें होतें हें नवख्या माणसाला विचारूनच घ्यावें लागतें. या पट्ट्यांतील जुन्या गांवठाणांतून, अगदीं चिंचवडपासून चाकणपर्यंत, काळ्या दगडाचें जोतें, हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती आणि वर कौलें असें एखादें घर अजून दृष्टीस पडतें. त्याच्या मालकापुढें एकच प्रश्न असतो : पाडावें, कीं नीट करावें? नीट करावयाचें तर कशानें, आणि कोणाच्या हातून?

तरुण पिढीला हा प्रश्न नवा वाटतो. ‘पर्यावरणाला अनुकूल साहित्य’ असा एक लांबलचक शब्दप्रयोग अलीकडे रूढ झाला आहे. त्याचा अर्थ या घरांच्या मूळ मालकांना कोणी समजावून सांगितला असता तर त्यांना हसूं आलें असतें. कारण दुसऱ्या प्रकारचें साहित्य त्यांनीं पाहिलेंच नव्हतें. माती, दगड, चुना, लाकूड, गवत आणि शेण एवढ्यांतच त्यांचें घर उठत असे, आणि तें वर्षानुवर्षें टिकविण्याचें काम घरचींच माणसें करीत.

महाराष्ट्रांतील गांवाचे पूर्वापार दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या महसुली कागदपत्रांतून हे शब्द वारंवार येतात. हा भेद केवळ सोयीचा नाहीं; तो मातीच्या गुणांवर उभारलेला आहे. काळी माती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते. तिची भिंत घातली तर पहिल्याच वर्षीं ती तडकते आणि दुसऱ्या वर्षीं बसते. पांढरी माती तशी नसते. पिढ्यानुपिढ्या एकाच जागीं चुलींची राख, शेण, भुसा, पडलेल्या भिंती हें सर्व मिसळून ती बनलेली असते. ती मऊ, चिवट, कमी फुगणारी आणि पाणी सहसा आंत न घेणारी असते. म्हणून जुनें घर पडलें कीं त्याचीच माती भिजवून नवें घर उठवावयाचें, असा क्रम चालत आला. गांव स्वत:च्याच मातीवर थोडें थोडें वर चढत जाई.

हा क्रम किती जुना आहे याची साक्ष पुणें जिल्ह्यांतच मिळते. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें उत्खनन केलें. डॉ. सांकळिया व डॉ. ढवळीकर यांचीं नांवें त्या कामाशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या घरांच्या भिंती मातीच्या व ठेंगण्या, वरचा भाग कुडाचा, आणि भुई चोपून सारवलेली अशी आढळली. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या गृहिणीला आजच्या मावळांतील एखाद्या जुन्या घरांत आणून सोडलें, तर भुई कशी सारवावी हें तिला कोणी शिकवावें लागणार नाहीं.

पांढरीच्या या गुणामुळें एक हानीहि झाली आहे. पुराणवस्तुसंशोधक जुनी वस्ती शोधावयास निघतो तेव्हां तो गांवाजवळचें पांढरें टेकाड शोधतो. आणि घराची डागडुजी काढणारा गांवकरी पाटी-फावडें घेऊन निघतो तोहि त्याच टेकाडाकडे. पैठण, तेर अशा प्राचीन नगरांच्या टेकाडांची माती शेंकडों वर्षें लोकांनीं घरासाठीं वाहून नेली. तिच्याबरोबर सातवाहनांच्या काळचीं खापरें आणि मणी माळवदांवर जाऊन पडले. इतिहासाच्या दृष्टीनें हें नुकसान खरेंच. पण ज्याच्या छपरांतून पाणी गळत आहे त्याला सातवाहनांची आठवण कशी व्हावी?

आतां भिंत कशी होत असे तें पाहूं. माती खणून ढीग करावयाची, चाळून खडे काढावयाचे, मध्यें आळें करून पाणी सोडावयाचें आणि तींत गव्हाचें काड किंवा भुसा मिसळून पायांनीं तुडवावयाची. तुडविलेला गारा तसाच कांहीं दिवस मुरूं द्यावयाचा. त्यांतील काड कुजूं लागलें कीं माती चिकट होते. कुंभारालाहि ही गोष्ट ठाऊक असते. मग कोणी तिचे लांकडी सांच्यांत घालून भेंडे पाडीत व उन्हांत वाळवीत, तर कोणी गाऱ्याचे गोळे थरावर थर रचून भिंत उचलीत. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालावयाचा नाहीं, हा नियम. उतावळ्या माणसाची भिंत पोटांत फुगते. भिंतीखालीं जोतें दगडाचें असे, कारण मातीचा खरा वैरी वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षां खालून चढणारी ओल हा आहे. छपराच्या वळचणी लांब ठेवून भिंतीवरचें पाणी दूर टाकावयाचें, आणि जोत्यानें तळची ओल थोपवावयाची. या दोन गोष्टी संभाळल्या तर मातीची भिंत शंभर वर्षें सहज उभी राहते.

नवें घर बांधतांना सुतार आणि गवंडी लागतच. तुळई बसविणें, खांबाला कूस घेणें, चौकट ओळंब्यांत धरणें हीं कामें हातोटीचीं आहेत. परंतु घर एकदां उभें राहिलें म्हणजे पुढचीं पन्नास-शंभर वर्षें त्याचें आयुष्य घरच्या माणसांच्या हातीं असे. वैशाखांत कौलें उतरवून, फुटकीं निवडून घर शाकारलें जाई. नळीचीं कौलें कुंभाराकडून येत. मांजरें, वानरें आणि वारा हे तिघे मिळून वर्षभरांत त्यांतील कितीतरी फोडून ठेवीत, म्हणून मृग लागण्यापूर्वीं शाकारणी झालीच पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागते. तिला गवताची किंवा पानांची झडप बांधीत. पावसाळा सरला कीं नवरात्रापूर्वीं भिंतींचे पडलेले पोपडे लिंपून पांढरीचें पोतेरें फिरवीत आणि खालच्या कडेला गेरूचा पट्टा ओढीत. भुईचें सारवण तर आठवड्याचें. हें लिंपणें, पोतेरें आणि सारवण बहुतेक सर्व बायकांच्या हातचें. वाडा बांधणाऱ्या सरदाराचें नांव इतिहासांत राहतें, क्वचित् कारागिराचेंहि राहतें. तो वाडा दीडशें वर्षें ज्या हातांनीं राखला त्यांची नोंद मात्र कोणत्याहि बखरींत नाहीं.

श्रीमंतांच्या घरांत मातीच्या जोडीला चुना आला. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांति झाली. त्याचें लांकूड जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला, असें सांगतात. म्हणजे त्या काळच्या सत्ताधीशालाहि आपल्या घरासाठीं बैलगाडीच्या पल्ल्यापलीकडे जाण्याची गरज भासली नाहीं. रावेतच्या शेजारचा चिंचवडचा काळा दगड पेशव्यांच्या दारांत जाऊन बसला, ही गोष्ट आज त्या दगडावरून मोटारीनें जाणाऱ्यांस ठाऊक नसते. १८२८ सालीं लागलेल्या आगींत वाड्याचा लांकडी भाग जळाला. दगडाचा तट मात्र अजून उभा आहे.

चुन्याचें शास्त्र समजून घेण्यासारखें आहे. दख्खनच्या ओढ्यांत व शेतांत चुनखडीचे खडे सांपडतात. ते भट्टींत सुमारें ९०० अंश उष्णतेवर भाजले कीं त्यांतील कर्बवायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी सोडलें कीं तो उकळतो, फुटतो आणि त्याचें पीठ होतें. तें वाळूबरोबर घाणींत घालावयाचें. जमिनींत दगडी गोल पन्हळ, तींत फिरणारें जड दगडी चाक आणि तें ओढणारे बैल, अशी ही घाणी असे. मळलेल्या चुन्यांत गुळाचें पाणी, बेलफळाचा गर, उडदाचें पीठ, तागाचे तंतु असे पदार्थ घालण्याची चाल होती. भिंतीवर चढविल्यावर हा चुना हवेंतील कर्बवायु हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हां दगड बनतो. भट्टींत जें गमावलें त्यांतील मोठा भाग भिंतीवर तो परत मिळवितो. मात्र या व्यवहाराला वेळ लागतो, महिने आणि कधीं वर्षेंहि. आणि त्या काळांत गिलावा ओला ठेवावा लागतो, उन्हापासून जपावा लागतो. घाई करणाऱ्याला चुना वश होत नाहीं.

घाई करणाऱ्यांचा काळ रेल्वेबरोबर आला. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या बंदरांत उतरणारा माल देशावर सहज येऊं लागला. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला. तीं चपटीं, खांचेंत खांच बसणारीं कौलें पुढें सर्व महाराष्ट्रांत पसरलीं. मंगळुरी कौल वाऱ्यानें उडत नाहीं आणि मांजरानें हलत नाहीं. दरसालची शाकारणी तेथेंच निम्मी संपली. त्यामागून पत्रे आले. कुंभाराचें एक उत्पन्न गेलें, आणि घरधन्याचें आढ्यावर चढणेंहि कमी झालें. ही गोष्ट लहान दिसते, पण वर्षांतून एकदां तरी वर चढणाऱ्या माणसाला कोणता वासा कुजला आणि कोठें वाळवी लागली हें कळत असे. जो चढतच नाहीं त्याला तें छत खालीं आल्यावर कळतें.

सिमेंटचा शोध लंडनला नव्हे, लीड्सच्या एका गवंड्यानें १८२४ सालीं आपल्या नांवें नोंदविला. हिंदुस्थानांत त्याचा मोठा कारखाना १९१४ सालीं पोरबंदरला निघाला. तरीहि खेड्यापर्यंत सिमेंट पोंचावयास फार काळ लागला. महायुद्धाच्या काळांत आणि त्यानंतर कित्येक वर्षें तें परवान्यानें मिळे. १९८२ सालीं त्यावरचें नियंत्रण अंशत: आणि १९८९ सालीं पूर्णपणें उठलें, तेव्हां सिमेंट किराणा मालाच्या दुकानाशेजारीं पोत्यांनीं विकावयास आलें. मातीच्या घरांचे दिवस खऱ्या अर्थानें तेथून फिरले.

या प्रवाहाविरुद्ध जाणारा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रांतच झाला. १९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले. या गांवाला पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. आपल्यासाठीं बांधावयाच्या घराचा खर्च पांचशें रुपयांच्या वर जाऊं नये आणि त्याचें साहित्य व कारागीर तेथलेच असावेत, अशी त्यांनीं अट घातली होती. माती, बांबू, लाकूड आणि कौलें यांचें तें ‘आदि निवास’ व नंतरची बापू कुटी अजून पाहावयास मिळतात. त्या कुटींतील भिंतींवर सारवणांतून उठविलेलीं ताडाचीं झाडें पाहून कोणालाहि असें वाटणार नाहीं कीं, येथें कांहीं काटकसर केलेली आहे. लॉरी बेकर हा इंग्रज स्थापत्यशास्त्रज्ञ पुढच्या दशकांत मुंबईस गांधीजींना भेटला. आदर्श घराचें साहित्य पांच मैलांच्या परिघांतलें असावें, असें गांधीजींनीं आपल्याला सांगितलें, ही आठवण तो जन्मभर सांगत असे. त्यानें तें व्रत केरळांत पाळलें आणि तेथील घरांचें रूप बदललें. महाराष्ट्रानें मात्र कुटीला नमस्कार केला आणि घर सिमेंटचें बांधलें.

शहरांतील वाड्यांचें दैन्य आणखी एका कारणानें झालें. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधून टाकलीं. भाडेकरूंना त्या टंचाईच्या काळीं संरक्षण हवेंच होतें. पण मालकाला महिन्याला मिळणाऱ्या रकमेंत पुढें कौलांची एक पाटीहि येईनाशी झाली. मालक म्हणे, भाडेकरूनें दुरुस्ती करावी. भाडेकरू म्हणे, घर माझें नाहीं. दोघांच्या वादांत तुळया कुजल्या. १९९९ सालीं या कायद्याच्या जागीं नवा कायदा झाला, तोंवर पुण्यांतील पुष्कळ वाडे टेकूंवर उभे होते.

त्यापूर्वीं १२ जुलै १९६१ हा दिवस येऊन गेला होता. त्या दिवशीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें आणि त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें दगडी धरणहि गेलें. मुठेच्या कांठच्या पेठांत पाणी शिरलें. दगडी जोतीं जागच्या जागीं राहिलीं. पण वरच्या मातीच्या भिंती तासन्तास पाण्यांत उभ्या राहून विरघळल्या आणि पाणी ओसरतांना खालीं बसल्या. ‘माती म्हणजे धोका’ हें समीकरण पुणेंकरांच्या मनांत त्या दिवसापासून रुजलें. पुराच्या पाण्यापुढें माती टिकत नाहीं हें खरेंच आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्यांत अर्थ नाहीं.

परंतु त्याहून कठोर धडा १९९३ सालीं मिळाला. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असतां, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें कांहीं सेकंदांत जमीनदोस्त झालीं. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. जगांतील मोठ्या भूकंपांशीं तुलना केली तर या धक्क्याची ताकद मध्यम होती. एवढी माणसें घरांनीं मारलीं.

तीं घरें कशीं होतीं? भिंती अडीच-तीन फूट रुंद, पण त्या एकजीव नव्हत्या. बाहेरचा एक व आंतला एक असे दगडांचे दोन पदर, आणि मध्यें माती व कपच्या. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसे. धक्का बसतांच दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि खालीं आले. वर माळवद होतें. मराठवाड्यांत पाऊस कमी, म्हणून तेथें उतरतें छप्पर नाहीं. लांकडी कड्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि त्यावर पांढरी माती, असें सपाट छत असतें. उन्हाळ्यांत तें घर थंड ठेवतें. पण तें गळूं लागलें कीं घरधनी काय करी? वर आणखी चार पाट्या पांढरी आणून पसरी. बाप पसरी, मुलगा पसरी, नातू पसरी. जुनी माती काढून नवी घालावयाची हा नियम कोठेंतरी मागें पडला, आणि छताची जाडी फूट, दीड फूट, कांहीं ठिकाणीं दोन फुटांच्याहि वर गेली. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. तिचें वजन सुमारें साडेचार टन भरतें. एवढें ओझें डोक्यावर घेऊन लोक झोपत होते. ज्या डागडुजीनें घर तीन-चार पिढ्या राखलें तिनेंच त्या पहाटे तें ओझें खालीं आणलें. तेथेंच कांहीं घरांत असेंहि दिसलें कीं, छताचा भार लांकडी खांबांवर होता आणि सांधे घट्ट होते. त्यांच्या भिंती ढासळल्या, पण खणांचा सांगाडा उभा राहिला आणि त्याखालचीं माणसें वांचलीं.

त्यानंतर जें झालें तें या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. सर्वांत अधिक उद्ध्वस्त झालेलीं बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तीं बहुतेक कंत्राटदारांनीं बांधलीं. पण त्याखेरीज एक लाखाहून अधिक घरें अशीं होतीं कीं, तीं पडलीं नव्हतीं, तडकलीं होतीं. त्यांच्या दुरुस्तीचा पैसा सरकारनें हप्त्यांनीं मालकांच्याच हातीं दिला, आणि काम त्यांनीं स्वत: करावयाचें किंवा करवून घ्यावयाचें असें ठरविलें. गांवोगांवीं अभियंते नेमले गेले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्फत गांवांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यांत आलें. दुरुस्तीची माहिती घरोघर पोंचविणें हें त्यांचें काम. सांगितलेले उपाय साधे होते. माळवदावरची माती उतरवून तिची जाडी सुमारें आठ इंचांवर आणावी. भिंतींतून ठराविक अंतरावर दगड काढून आरपार भोंक पाडावें आणि तेथें सळई घालून काँक्रीट भरावें, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. खांब आणि तुळई जेथें मिळतात तेथें तिरपे टेकू ठोकावेत. भिंतींच्या वरच्या अंगाला सभोंवार एकसंध पट्टा बांधावा. त्याच वर्षीं भारतीय मानक ब्यूरोनें मातीच्या व कमी ताकदीच्या दगडी बांधकामांसाठीं १३८२७ आणि १३८२८ या क्रमांकांचीं मानकें प्रसिद्ध केलीं, त्यांतहि याच तत्त्वांचा विस्तार आहे.

लोकांनीं हें सर्व केलें का? सर्वांनीं केलें नाहीं. पुष्कळ कुटुंबांनीं मिळालेल्या पैशांतून जुनें घर बळकट करण्याऐवजीं त्याच्या अंगणांत सिमेंटची एक नवी खोली बांधली. भीतीनें केलेल्या या निवडीला दोष देणें अवघड आहे. ज्या घरानें शेजाऱ्याचें कुटुंब गाडलें तशाच घरांत रात्रीं पाठ टेकणें सोपें नसतें. तरी उन्हाळ्याच्या दुपारीं लोक त्या नव्या खोलींतून उठून जुन्या माळवदाखालीं येऊन बसत.

पुण्याच्या बाजूला भूकंपाची अगदींच भीति नाहीं असें कोणी समजूं नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यापर्यंत जाणवला होता. मावळांतील घराला माळवद नसून उतरतें छप्पर असतें, त्यामुळें डोक्यावरचें ओझें हलकें. पण दोन पदरी भिंतीचा दोष येथेंहि आहे. रावेतसारख्या ठिकाणीं जो कोणी जुनें घर स्वत: नीट करावयास घेईल त्यानें रंगाचा विचार शेवटीं आणि आरपार दगडाचा विचार आधीं करावयाचा आहे. लांकडाचे सांधे, कुजलेली तुळई आणि पोटांत फुगलेली भिंत हीं तर स्वत:च्या अंदाजावर सोडण्याचीं कामें नव्हेतच. तेथें जाणता सुतार आणि अभियंता हवा.

बाकीचें पुष्कळसें काम मात्र घरच्या हातांचें आहे, आणि त्यांत सर्वांत मोठी चूक आज एकच होते. तडकलेल्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवितात. दोन वर्षें तो गुळगुळीत दिसतो. माती ही ओल आंत घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर चुना किंवा मातीचाच लेप असेल तर ती ओल त्यांतून उडून जाते. सिमेंटचा कठीण पापुद्रा ती अडवितो. जोत्यांतून चढलेली ओल भिंतीच्या पोटांत सांचते, लोणा धरतो, आंतली माती सैल पडते, आणि वरचें सिमेंट तसेंच ताठ उभें राहतें. एखाद्या पावसाळ्यांत तो सबंध पापुद्रा पडतो आणि भिंतीचा अर्धा भाग बरोबर नेतो. मग मालक म्हणतो, मातीचें घर टिकत नाहीं! अंगणांत आणि ओसरीवर फरशी व काँक्रीट घालून जमिनीची ओल भिंतीकडे ढकलणें हा त्याचाच दुसरा प्रकार.

सिमेंटचा खर्च केवळ मालकाच्या खिशाला पडत नाहीं. त्याची भट्टी सुमारें १४५० अंशांवर चालते, आणि माणसाच्या उद्योगांतून जगभर जो कर्बवायु बाहेर पडतो त्यांतला शेंकडा सात-आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा असतो. त्याचें घर पाडलें कीं जो राडारोडा उरतो त्याला कोणी हात लावीत नाहीं. तो नदीच्या कांठीं जाऊन पडतो. मातीची भिंत पाडली तर तिची माती भिजवून पुन्हां भिंत होते.

कामाचा क्रम जुन्यांनीं ठरवून ठेवलेलाच आहे. पहिल्यानें छप्पर, गळतें छप्पर ठेवून भिंत लिंपणें व्यर्थ. मग जोत्याच्या सभोंवारचें पाणी वाट काढून दूर नेणें. मग भिंतीवरचें सिमेंट हलक्या हातानें उतरविणें, आणि भिंतीला एक उन्हाळा सुकूं देणें. नवी पांढरी आणण्यासाठीं टेकाड उकरण्याचें कारण नाहीं. गांवठाणांत पाडल्या जाणाऱ्या घरांचीच माती आज फुकट मिळते. ती चांगली आहे कीं नाहीं हें पाहण्याची रीतहि सोपी आहे. ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा करून सावलींत वाळवावा. तडे गेले तर वाळू किंवा काड वाढवावें, आणि बोटांनीं चुरा झाला तर चिकण माती कमी पडली असें समजावें. भिंतीच्या एका कोपऱ्यावर हातभर लेप देऊन पंधरा दिवस थांबावें. घाणी आज क्वचितच मिळते, पण किल्ल्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीमुळें चुन्याचें काम जाणणारे गवंडी पुन्हां तयार होत आहेत, आणि विझविलेला चुना पिंपांत पाण्याखालीं जितके महिने राहील तितका तो मऊ होतो. चुन्याचा गिलावा कडक उन्हांत घालूं नये. घातल्यावर कित्येक दिवस त्यावर ओलीं पोतीं टांगावीं.

एवढें सर्व करावयास एक हंगाम पुरत नाहीं. म्हणून असें काम काढणारा घरधनी दिवाळी झाली कीं माती भिजत घालतो, शिमग्यापर्यंत भिंती लिंपून घेतो, आणि मृगापूर्वीं आढ्यावरचें शेवटचें कौल बसवितो. चुन्याचा हात तो पुढच्या हिंवाळ्यासाठीं राखून ठेवतो.